एकदा चांदीवर करून बघू

मुलुंड पूर्व

प्रिय देवव्रत,

'प्रिय' हे सवयीने लिहिलंय, त्यात काही शोधू नकोस. शाळेत पत्राची हीच सुरुवात शिकवली, दुसरी माहीत नाही. तुझे मेसेज मिळाले. मी वाचले हे तुला निळ्या खुणांवरून कळलंच असेल. उत्तर तिथेच देता आलं असतं, पण मी दोन ओळी लिहिल्या असत्या की तू लगेच फोन केला असतास. आणि फोनवर तू बोलायला लागलास की मी गप्प होते, हा माझा जुना अनुभव आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. म्हणून पोस्टाने पाठवतेय. तुझ्या जर्मनीत पोचायचं तेव्हा पोचेल.

आधी इकडची खबर, कारण व्याख्यानाच्या दिवशी तू 'कशी आहेस' विचारलंस आणि उत्तराच्या आत तुला कुणीतरी फोटोसाठी ओढून नेलं. मी बरी आहे. घाटकोपरच्या कॉलेजात अजून तीच नोकरी, तीच टीवायची मुलं, दर वर्षी नवी. माझा नवरा सौरभ वीज कंपनीत आहे. पावसाळ्यात त्याची ड्यूटी सुरू झाली की आम्हाला तो फोनवरच भेटतो. मुलगी रुचिरा दहावीत गेली. तिला विज्ञान आवडत नाही आणि मी तिला आग्रह करत नाही, यावरून माझी आई मला बोलते. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. तुला कुणी कळवलं होतं का माहीत नाही. मी कळवलं नव्हतं.

तू त्या दिवशी व्याख्यानात म्हणालास की हा विषय सामान्य माणसाला समजावणं अशक्य आहे, आणि लोक कौतुकाने हसले. मी दर वर्षी समजावते रे. फळ्यावर एक रेघ मारते आणि सांगते, हा तांब्याचा पृष्ठभाग, आरशाहून गुळगुळीत, अणू ओळीने बसवलेले. यावर निर्वात पेटीत कार्बनयुक्त रेणू सोडायचे. मधल्या सुट्टीत सोडलेल्या पोरांसारखे ते सैरावैरा धावतात. एक क्षण इथे, दुसऱ्या क्षणी तिथे. थंड केलं की मंदावतात. आणि मग कुणी शिट्टी मारलेली नसताना, कुणी 'रांग करा' म्हटलेलं नसताना, आपले आपण रांगा करतात, जाळी विणतात, मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन. मागच्या बाकावरचा एक तरी मुलगा विचारतोच, "मॅडम, पण त्यांना धरून कोण ठेवतं?" मी म्हणते, चांगला प्रश्न आहे. आणि पुढच्या धड्याला लागते.

तो प्रश्न आपल्याला पडला तेव्हा आपण पंचविशीत होतो. पेटीला सतराशे साठ स्क्रू होते आणि प्रत्येक स्क्रूपाशी गळती असायची. अख्खं यंत्र अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून आठवडाभर तापवायचं, म्हणजे आतली हवा निघून जाते. कुणी नवीन माणूस आला की तू त्याला सांगायचास, आमच्याकडे मोठ्ठी पोळीभाजी बांधून ठेवलीय. मग सुई. ती पृष्ठभागाला न टेकता वरून फिरते आणि तिच्यातून वाहणाऱ्या इवल्याशा प्रवाहावरून पडद्यावर चित्र उमटतं. लिफ्ट वरखाली गेली तरी चित्र हलायचं. शेजारच्या इमारतीचं पायलिंग सुरू झालं तेव्हा तर आपली वाटच लागली होती. म्हणून आपण सुट्ट्यांच्या दिवशी काम करायचो. धुळवडीला सगळी संस्था रिकामी, लिफ्ट बंद, पायलिंग बंद. तू गावात रंग खेळून दुपारी येतो म्हणालास आणि आलाच नाहीस. त्या दिवशी मी एकटी होते. सुईने एकेक ओळ ओढत आणली आणि पडद्यावर पहिल्यांदा आपली जाळी उभी राहिली. एका षटकोनात एक रेणू अडकून स्वतःभोवती गोल फिरत होता, दर चित्रात वेगळ्या दिशेला तोंड. दुसऱ्या दिवशी तुला दाखवला तेव्हा तू त्याचं नाव 'पेइंग गेस्ट' ठेवलंस. आपण किती हसलो होतो! तेव्हा मला वाटलं होतं की आयुष्यभर या माणसाबरोबर अशी चित्रं बघायला मिळाली तर दुसरं काही नको. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायला काही हरकत नाही, आता त्याने कुणाचंच काही बिघडत नाही.

पुढचं तू विसरला असशील, किंवा तुला वेगळं आठवत असेल. मला जसं आठवतं तसं लिहिते.

तुझं म्हणणं होतं की रेणूच एकमेकांना धरून आहेत. तीन हातांचा रेणू, प्रत्येक हाताच्या टोकाला नायट्रोजन, शेजाऱ्याच्या कडेला हायड्रोजन, दोघांत हलकीशी ओढ. सुंदर कल्पना होती. तुझं लिखाणही सुंदर होतं, ते मी कधीच नाकारलं नाही. पण आपण ती जाळी तापवून बघितली, तेव्हा ती तुटायला हवी होती. एवढ्या हलक्या ओढीने धरलेली वस्तू त्या उष्णतेला टिकत नाही. ही टिकली. शिवाय दोन रेणूंच्या टोकांमध्ये जागा जरा जास्तच होती. मी कॅन्टीनमध्ये तुला म्हटलं, "देवव्रत, मध्ये कुणीतरी आहे." तांब्याचा एक थर संपतो तिथे पायरी असते, तिच्या कडेवरून अणू सुटतात, पृष्ठभागावर हिंडत असतात, त्यातला एकेक येऊन प्रत्येक गाठीत बसला असणार. आपल्या सुईला तो दिसत नाही एवढंच. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "दाखव मग चित्रात." मी म्हटलं, दिसत नाही म्हणूनच तर म्हणतेय. एकदा चांदीवर करून बघू. चांदी आपले अणू असे देत नाही, आणि दिले तरी नायट्रोजन त्यांना तसा धरत नाही. चांदीवर हीच जाळी झाली तर तू खरा. नाही झाली तर तांबं त्यात आहे.

एवढीच मागणी होती माझी. एकदा चांदीवर करून बघू.

त्यासाठी पेटी उघडावी लागणार होती, तांब्याचा स्फटिक काढून चांदीचा बसवायचा, पुन्हा फॉइल, पुन्हा तापवणं. महिना तरी गेला असता. तुझी जर्मनीची मुलाखत तोंडावर होती आणि बाहेरचा कुठला तरी गट हेच करतोय अशी कुणकुण लागली होती. तू ग्रुपच्या मीटिंगमध्ये मला 'अदृश्य अणूवाली' म्हणायला लागलास. ज्युनियर मुलं हसायची. मीही हसायचे, कारण तू प्रेमाने म्हणतोयस असं मी धरून चालले होते. पुढे ती मुलं तू नसतानाही तेच म्हणायला लागली.

मग आपल्या गाइडची, अनंत सरांची केबिन. शोधनिबंध टेबलावर, तुझं नाव पहिलं, माझं दुसरं, सरांचं शेवटचं. सर म्हणाले, "जानकी, सही कर पोरी. शंका सगळ्यांनाच असतात. शंकांवर कुणाला नोकरी मिळत नाही." मी म्हटलं, सर, निदान एक वाक्य घाला, की धातूच्या अणूंचा सहभाग नाकारता येत नाही. तू म्हणालास, "ते वाक्य घातलं की पेपरात उरलं काय?" खरं होतं तुझं. ते वाक्य घातलं असतं तर मोठ्या जर्नलने तो निबंध घेतला नसता. मी म्हटलं, मग माझं नाव काढा. सरांनी पेन उचललं आणि माझ्या नावावर रेघ मारली. मला वाटलं होतं, निदान तू तरी 'थांबा' म्हणशील.

बाहेर आल्यावर जिन्यात तू माझा हात धरलास. रागावला नव्हतास, समजूत घालत होतास, आणि म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं. म्हणालास, "अगं, तुमच्याकडे एवढं तरी कोण शिकलंय? मिळतंय ते घे ना. तुला कशाला हवाय हा हट्टीपणा? तो आमच्यासारख्यांना परवडतो." तू मुलुंडचा, जिथे मी आता राहते तिथलाच; आजोबा वकील, वडील डॉक्टर, घरात पुस्तकांच्या भिंती. मी असल्फ्याच्या चाळीतली, बाबा गिरणी बंद पडल्यावर औषधाच्या कंपनीत खोकी भरणारे. तू म्हणालास त्यात खोटं काही नव्हतं. फक्त तोपर्यंत 'तुमच्याकडे' आणि 'आमच्यासारखे' हे शब्द आपल्या दोघांत आहेत हे मला माहीत नव्हतं. त्या जिन्यात कळलं.

घरी जाऊन बाबांना सांगितलं. लोक सांगतात ना, गरीब बाप अशा वेळी पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, शाब्बास, खरं बोललीस. माझ्या बापाने तसं काही केलं नाही. बाबांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की आपल्या, म्हणजे धाकूच्या, मुलीचं नाव परदेशात छापून येणार. ते कॉटवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "माका काय तुझ्या अणूतला कळना नाय गो. पण मी गावाक कळवलंय. आता काय सांगू?" मी म्हटलं, सांगा, पोरीने नको म्हटलं. ते म्हणाले, "नको म्हणूक तुझ्याकडे होता काय एवढा?" नंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढे बोलले, जेवले, रुचिरा झाली तेव्हा तिला मांडीवरही घेतलं, पण तो प्रश्न त्यांनी कधी मागे घेतला नाही. गावी त्यांनी काय सांगितलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझं नाव छापलेलं न बघताच ते गेले.

तुझा निबंध आला आणि गाजला. तू जर्मनीला गेलास. सुरुवातीला रोज फोन, मग रविवारी, मग सणासुदीला. चांदीचा विषय मी एकदा फोनवर काढला तेव्हा तू म्हणालास, "यार जानकी, पुढे चल ना आता." मी खरंच पुढे चालले. सरांनी माझा विषय बदलला. जाळ्यांवर माझं काम नको, वाद होतात, म्हणाले. मला गंजरोधक लेप दिले. लोखंडाच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात बुडवायच्या आणि वजन करायचं. त्यावर मी पीएचडी केली. पेटीच्या खोलीची किल्ली परत केली त्या दिवशी कारकुनाने सही घेतली आणि विचारलं, "मॅडम, सोडून चाललात काय?" मी म्हटलं, नाही, खालच्या मजल्यावर चाललेय. पुढच्या हिवाळ्यात सरांच्या टेबलावर लग्नाची पत्रिका दिसली. देवव्रत आणि श्वेता. सरांनी ती माझ्यापासून लपवायचाही प्रयत्न केला नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल की मला आधीच माहीत असणार. तसं वाटणं स्वाभाविक होतं. माहीत असायला हवंच होतं मला.

त्यानंतर इतकी वर्षं मी तुझा एकही निबंध वाचला नाही, हे सांगायला मला आवडलं असतं. मी सगळे वाचले. दर वेळी बघायचे, कुठे चांदीवर केलंय का. तू सोन्यावर केलंस, दुसरे रेणू घेऊन केलंस. तो रेणू आणि चांदी एकत्र कधीच नाही. एक दिवस माझ्या लक्षात आलं की हे चुकून होत नाहीये.

आणि गेल्या वर्षी त्या जपानी गटाचं चित्र आलं. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते, मध्येच मोबाइलवर ते उघडलं. त्यांच्या सुईच्या टोकाला एकच रेणू चिकटवलेला, अतिथंड पेटी, आपल्या वेळी स्वप्नातही नव्हतं असं यंत्र. आणि प्रत्येक गाठीत एकेक ठिपका. तांब्याचा अणू. आपलाच रेणू, आपलेच षटकोन. शेवटी त्यांनी तो रेणू चांदीवरही करून बघितला होता. जाळी झाली नाही. मी चित्र मोठं केलं, छोटं केलं, पुन्हा मोठं केलं. शेजारच्या मॅडमनी विचारलं, "काय झालं? वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, नाही, चांगलीच आहे. घरी सौरभला दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तू बरोबर होतीस?" मी म्हटलं, हो. "मग आता काय?" मी म्हटलं, काही नाही, कुकर लाव. आनंद व्हायला हवा होता ना? पण झाला नाही रे. इतकी वर्षं वाट बघितली आणि ते हातात आलं तेव्हा त्याचं काय करायचं हेच मला कळेना.

मग डिसेंबरात तुझं व्याख्यान, आपल्याच जुन्या संस्थेच्या सभागृहात. मी टीवायची मुलं घेऊन आले होते. शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. तू छान बोलतोस, अजूनही. धुळवडीचं चित्र तू पडद्यावर लावलंस आणि म्हणालास, "हे आम्ही घेतलं तेव्हाच मला शंका आली होती की मध्ये धातूचे अणू असावेत. पण त्या काळी तंत्र नव्हतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलांनीही वाजवल्या. शेजारच्या मुलीने माझ्याकडे वळून म्हटलं, "मॅडम, झकास ना? किती आधी ओळखलं त्यांनी!"

चहाच्या वेळी मी तुला गाठलं आणि सरळ विचारलं, शंका तुला आली होती? तू हसलास. जराही दचकला नाहीस, याचंच मला नवल वाटलं. म्हणालास, "आपल्याला गं. आपण सगळे एकच होतो ना तेव्हा." मी म्हटलं, तू 'मला' म्हणालास. त्यावर तू खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "खरं सांगू? तू तेव्हा जरा जोरात बोलायला हवं होतंस." मग 'कशी आहेस' विचारलंस आणि उत्तराआधीच फोटोसाठी गेलास.

जोरात. देवव्रत, मी माझं नाव काढून घेतलं होतं. याहून जोरात कसं बोलतात?

इतक्या वर्षांनी तुझा पहिला फोन आला तो त्यानंतर महिन्याभराने. तोवर तू तुझ्या नव्या लेखात छापलं होतंस की ही शंका तुला पहिल्या निबंधाच्या वेळीच होती, जपान्यांनी त्याला फक्त पुरावा दिला. जपान्यांनी संपादकाला कळवलं की याला आधार काय? आणि संपादकाने ठरवलं की तेव्हा प्रयोगशाळेत असलेल्या माणसांना विचारायचं. म्हणजे सरांना आणि मला. तू म्हणालास, "फक्त एवढंच सांग की आपल्या दोघांत तेव्हा हे बोलणं झालं होतं. ते खोटं नाही ना?" नाही, खोटं नाही. बोलणं झालंच होतं. मी बोलले होते आणि तू हसला होतास. पण 'बोलणं झालं होतं' एवढंच लिहिलं की वाचणारा दोघांनाही शहाणं समजतो. तू आधीपासूनच हुशार आहेस, वाक्य कुठे तोडायचं हे तुला बरोबर कळतं.

मग तू म्हणालास की सहा महिने तिकडे ये. नवीन यंत्र आहे, तसाच ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी बघशील. पुढच्या निबंधात माझं नाव दुसरं. कॉलेजातून रजा मिळवून द्यायची जबाबदारी तुझी. सौरभला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला जायचं असेल तर जा. रुचिराची दहावी मी बघतो." चांगला माणूस आहे तो, त्याला काहीच विचारावं लागत नाही. मी दोन रात्री खरोखर विचार केला, हे तुझ्यापासून लपवत नाही. तो ठिपका मला बघायचा आहे. आयुष्यात मला त्याच्याएवढं दुसरं काही बघायचं नव्हतं. तुला हे माहीत होतं म्हणून तर तू तेच पुढे केलंस.

मी चेंबूरला सरांकडेही जाऊन आले. मला बोलावून घ्यायला तूच सांगितलं असशील त्यांना. आता ते काठी घेऊन चालतात, बोलताना जीभ अडखळते. सरांच्या पत्नी उत्तराताईंनी पोहे केले होते. सर म्हणाले, "देवव्रतला शंका होतीच, असं मी लिहून दिलं. तूही दे. मोठं मन कर." मी विचारलं, सर, होती का शंका? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता आठवत नाही गं. पण असणार." मी म्हटलं, माझ्या नावावर रेघ मारलीत ते आठवतंय का? उत्तराताई पोह्यांची बशी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "तू अजून तिथेच आहेस, जानकी." मग मी उठले. दारापर्यंत सोडायला फक्त ताई आल्या.

आता तू ज्यासाठी मेसेजवर मेसेज करतोयस ते. संपादकांना मी परवाच उत्तर पाठवून दिलं. हे पत्र तुला मिळेल तोवर ते तुझ्यापर्यंत पोचलेलंही असेल. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : पहिल्या निबंधाच्या वेळी डॉक्टर देवव्रत यांना धातूच्या अणूंची शंका होती का? मी लिहिलं : नाही. ती शंका त्यांच्यासमोर मांडली गेली होती आणि त्यांनी ती नाकारली होती. कुणी मांडली होती, हे मी लिहिलं नाही. सौरभ म्हणाला, "अगं, लिही ना तुझं नाव! आता तरी लिही." मी ते वाक्य लिहिलं आणि खोडलं. कारण शंका म्हणजे शोध नव्हे रे. मी चांदीवर करून बघितलं नव्हतं. मला करू दिलं नव्हतं हे खरं, पण मी केलं नव्हतं हेही तेवढंच खरं. ज्यांनी करून बघितलं, शोध त्यांचा. माझ्या एका 'नाही'ने तुझं नाव तिथून गेलं, आणि माझं कधी तिथे येणार नाही हेही पक्कं झालं. तू विचारशील, मग तुला मिळालं काय? काही नाही मिळालं. मला फक्त एवढंच नको होतं की तुझी खोटी गोष्ट माझ्या तोंडून खरी व्हावी. तिकडे येणार नाही. फोन करू नकोस. सरांना कर, त्यांना आता कुणी फोन करत नाही.

एके काळी जी तुझीच होती,
जानकी